दोनशे बारा क्रमांकाच्या बाई

त्या गुरुवारी सकाळी रायली हेदमान पावणेसातला कामावर आली, पांढरा कोट चढवला, हात धुतले आणि टेप गळ्यात अडकवली. बाहेर उणे बावीस होतं. फेब्रुवारीत उत्तरेकडच्या या बर्फाळ कुओपिओ शहरात याची कुणी दखलही घेत नाही. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, त्यांच्या संशोधनाच्या तीन खोल्या होत्या. पहिलीत माणसांची मापं घ्यायची, दुसरीत रक्त आणि चरबी काढायची, तिसरीत ते सगळं गोठवून ठेवायचं. लहानपणापासून लठ्ठ असलेल्या माणसांच्या जनुकांत काय वेगळं असतं आणि त्यांची चरबी रक्तात काय सोडते, याचा शोध चालला होता. रायली तिथली नर्स. वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळी. आलेल्या माणसाला धीर देण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

कमरेला टेप पुरली नाही तर ती म्हणायची, “आमची टेपच मेली आखूड आहे, केव्हापासून नवी मागवायचीय.” वजनकाट्याचा आकडा ती कधी मोठ्यानं वाचत नसे. बिनहातांच्या खुर्च्या तिनंच भांडून आणवल्या होत्या. आणि नमुने घेऊन झाले की प्रत्येकाजवळ दोन मिनिटं बसून ती सांगायची, “हे बघा, यात तुमचा दोष नाही. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. ती मेंदूला निरोप धाडते. लेप्टिन म्हणून एक हार्मोन असतो, तो चरबीतून निघतो आणि मेंदूला कळवतो, पुरे, आता हात धुवा. कुणाच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. क्वचित कुणाच्या चरबीतून तो धड निघतच नाही. मग माणूस जेवून उठतो तोच भुकेला. तुम्ही कशाला मान खाली घालायची?” हे ऐकून बरेच जण रडायचे. त्यासाठी कागदी रुमालांचा डबा तिनं हाताशीच ठेवलेला असे.

आठ वाजता तूइया दारातून डोकावली. तूइया प्रयोगशाळेतली मुलगी, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून. इथे येणाऱ्याला सगळे क्रमांकानंच ओळखत; नाव तो आल्यावर फक्त रायलीच्या यादीत चढे.

“दोनशे बारा आल्या गं. बाईंना वाकून बूट काढता येईनात, मी काढून दिले. म्हणाल्या, तुझ्या सासूला सांग, सून चांगली आहे. म्हटलं, आधी नवरा तर शोधून द्या.”

तिच्या मागून, धापा टाकत, भिंतीला हात लावत, रायलीची आई आत आली.

सायमी कोक्कोनेन. वय एकोणसत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. अंगात निळं लोकरी जाकीट, जे ती फक्त चर्चला आणि डॉक्टरकडे घालायची. बसस्टॉपपासून टेकडी चढून आल्यामुळे तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि त्या लाल चेहऱ्यावर, लेकीला बघून, हसू फुटायला लागलं होतं.

“नमस्कार,” रायली म्हणाली. “बसा तुम्ही.”

हसू अर्ध्यातच थांबलं. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तूइयाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

“बसते हं, सिस्टर,” ती म्हणाली. “कुठल्या खुर्चीत बसू?”

तिला लगेच समजलं, कारण हे पहिल्यांदा घडत नव्हतं. रायली अकरा वर्षांची असताना आई तिच्याच शाळेत जेवण वाढायची. पोरं रांगेत कुजबुजायची, वाढपिणीनं अर्धं पातेलं आधीच खाल्लं असणार, बघा ना. एका संध्याकाळी रायलीनं आईला सांगितलं होतं, “रांगेत मला रायलू म्हणू नकोस. ओळख दाखवू नकोस.” आई थोडा वेळ भांडी पुसत राहिली आणि म्हणाली, “बरं.” त्यानंतर सहा वर्षांत तिनं एकदाही ओळख दाखवली नाही. फक्त रायलीचं ताट पुढे आलं की तिची पळी पातेल्याच्या तळाशी जायची आणि मटणाचे तुकडे घेऊन वर यायची. कुणाच्या लक्षात यायचं नाही. रायलीच्या यायचं, आणि ती ते तुकडे ताटाच्या कडेला सारून ठेवायची.

आता आडनावही वेगळं होतं. नवरा, हेदमान, कधीच सोडून गेला होता, नाव मागे ठेवून. चेहऱ्यात साम्य शोधायचं कुणाच्या मनात येणार नव्हतं.

“कशाला आलीस?” हे विचारायला मापांच्या पडद्याआड एक क्षण मिळाला. रायलीनं ते दबक्या आवाजात, टेप लावता लावता विचारलं.

“तूच म्हणालीस ना फोनवर, लहानपणापासून जाड असलेली माणसं मिळत नाहीत म्हणून,” आई तितक्याच हळू म्हणाली. “पेपरात जाहिरात पाहिली. म्हटलं, तेवढाच तुला हातभार.”

टेप पुरली नाही. आखूड टेपचं ते वाक्य रायलीच्या तोंडातून निघालं नाही. तिनं दुसरी टेप जोडली आणि आकडा लिहिला.

मग प्रश्नावली. इथली पद्धत अशी की प्रश्न नर्सनं विचारायचे आणि उत्तरं शाईनं लिहायची. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तूइया नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसली होती.

“वजन वाढायला कधी सुरुवात झाली?”

“पाळण्यातच, सिस्टर. आई सांगायची, दूध संपलं तरी रडणं संपायचं नाही.”

“लहानपणी घरात खाण्यापिण्याची सुबत्ता होती?”

“सुबत्ता कसली! लढाईचे दिवस. आठ वर्षांची होते मी. झाडाची साल दळून पिठात मिसळायचे लोक. सगळी पोरं काड्यांसारखी, आणि मी ही अशी. गावात बोलायला लागले, यांच्याकडे धान्य लपवलंय. एकदा पोलीसपाटील येऊन तळघर बघून गेला. काही सापडलं नाही. मग आजीला वाटलं, मीच चोरते. तिनं कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. शेजारच्या गोठ्यातलं बटाट्यांच्या सालींचं डुकरांचं खाणं... जाऊ दे. हे लिहायला हवं का?”

“लिहायला हवं,” रायली म्हणाली.

तिनं ते लिहिलं. चव्वेचाळीस वर्षांत आईनं तिला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण चव्वेचाळीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं.

“भावंडं?”

“एक भाऊ होता. लढाईतच गेला.”

“आईवडील नात्यातले?”

“चुलत-चुलत. एकाच वाडीतले.”

पुढचा प्रश्न छापलेला होता आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. तूइया चिठ्ठी चिकटवायची थांबून ऐकत होती. तिला ही बाई आवडली होती.

“मुलंबाळं?”

आईनं टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

“नाही हो,” ती म्हणाली.

रायलीनं रकान्यात शून्य लिहिलं. शाईनं.

दुसऱ्या खोलीत डॉक्टरांनी नाभीशेजारी जागा बधिर करून सुईनं चरबी ओढली. पिवळीधमक, तांदळाच्या दहा-बारा दाण्यांएवढी. नळी रायलीनं धरली होती. आईनं हूं की चूं केलं नाही, फक्त छताकडे बघत राहिली. पडद्यापलीकडे आणखी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, आल्यापासून मुसमुसत होत्या. रायली त्यांच्याकडे गेली, जवळ बसली आणि आपलं नेहमीचं सगळं बोलली, यात तुमचा दोष नाही इथपासून. मग परत अलीकडे येऊन आईच्या पोटावरची पट्टी नीट केली आणि म्हणाली, “दोन दिवस ओलं करू नका. सौनाच्या वाफेत बसू नका.”

आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहायचं असल्यामुळे शेवटी सगळ्यांना कॉफी आणि लोणी-चीज लावलेला पाव मिळे. परातीत बरेच पाव होते. आईनं एक खाल्ला. दुसरा उचलला. रायली तेव्हा सहज तिकडे बघत होती. निदान तिला स्वतःला तरी ते सहज वाटलं. आईनं तो पाव परत परातीत ठेवला, कडा जुळवून, जसा होता तसा.

भूक म्हणजे काय हे रायलीला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या कोटाच्या खिशात कागदाच्या पुडीत मोजून नऊ बदाम असत, आणि दुपारपर्यंत ती ते पुरवी. जेवून उठताना तिला भूक असे, झोपताना असे, जाग येई तीही भुकेनं. भूक लहानपणापासूनची, हे मोजून खाणं पंधराव्या वर्षापासूनचं. मला जमतं, मग तिला का जमत नाही? हा प्रश्न तिनं आईला कधी तोंडानं विचारला नव्हता. नजरेनं विचारला होता. दर सणाला, दर जेवणाला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“पोचले गं. बस वेळेवर होती. ती तूइया गोड आहे हं.”

“हो.”

“मी पडद्याआडून ऐकत होते. त्या बाईंना सांगत होतीस ना, यात तुमचा दोष नाही म्हणून. किती छान बोलतेस गं लोकांशी. मला माहीतच नव्हतं.”

रायलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि ते मुलंबाळं... तुला सोपं जावं म्हणून नाही म्हटलं. चाललं ना? कागद खराब नाही ना झाला तुझा?”

“नाही. चाललं.”

“मग बरं. आज वाटाण्याचं सूप केलंय, गुरुवारी घरोघरी तेच ना. एकच वाटी घेतली. मोजून एकच.”

“बरं,” रायली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या शेजारणीनं, केर्टूनं, तिचं दार वाजवलं, मग आपल्याकडच्या किल्लीनं उघडलं. आई पॅसेजमध्ये बाकावर टेकून बसल्यासारखी होती. एका पायात बूट, दुसरा हातात. हृदय बंद पडलं होतं.

रायली गेली, करायचं ते सगळं तिनं केलं. शवपेटीवाल्यानं फोनवर घसा खाकरून हळूच विचारलं, “माप रुंद लागेल का?” ती म्हणाली, “लागेल.” आणि त्याही क्षणी तिला बरं वाटलं की हे कामावरच्या कुणाला दिसणार नाही. कामावर तिनं फ्लू झाल्याचं कळवलं होतं.

घर आवरताना ती कपाटं उघडत गेली. तिसऱ्या कपाटाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण आवरत नाही आहोत, शोधतो आहोत. बिस्किटांचे डबे, चॉकलेटची वेष्टनं, गादीखाली काहीतरी. आईच्या आजीनं शोधलं असेल तसं, पोलीसपाटलानं शोधलं असेल तसं. फ्रिजमध्ये अर्धा कोबी होता, सायीविना दही होतं आणि सुपाचं पातेलं होतं, एका वाटीनं कमी झालेलं. टेबलाच्या खणात कात्रणांची चळत होती, रबरात बांधलेली. दोन आठवड्यांत पाच किलो. फक्त ग्रेपफ्रूट. फक्त उकडलेली अंडी. सर्वांत जुनं कात्रण रायली चार वर्षांची असतानाचं होतं. बहुतेकांच्या कडेला पेन्सिलीनं तारखा घातलेल्या होत्या, सुरू केल्याच्या. संपवल्याची तारीख कुठेच नव्हती. तिथे नुसतं लिहिलेलं होतं, ‘पुन्हा’.

रायली ती चळत मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. रडू आलं नाही. चेहरा मात्र तापला, दुसऱ्याच्या खिशात हात घालताना कुणी पकडल्यासारखा.

दफनाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरच्यांनी शवपेटीपाशी जाऊन फुलं ठेवायची आणि कार्डावरच्या ओळी मोठ्यानं वाचायच्या. तिनं दुकानातलं छापील कार्ड घेतलं होतं. तेही इतक्या हळू वाचलं की पाद्र्याला पुढे झुकावं लागलं. सोमवारी ती कामावर हजर झाली. तूइया म्हणाली, “काय गं, फ्लूनं अर्धी केली तुला. होतीस आधीच पाव.” रायली हसली.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ गेला आणि नमुन्यांचे निकाल आले. ते संशोधनाचे प्रमुख इल्पो वान्स्का मांडत. इथे प्रमुखालाही सगळे नावानंच हाक मारतात. इल्पो उंच, विसराळू, कॉफीचे डाग पडलेल्या स्वेटरातला माणूस. त्या दिवशी तो खोलीत जवळजवळ धावतच आला.

“दोनशे बारा! रायली, कोण आहे ही बाई? मला ही बाई पाहिजे.”

“मागणी घालणार वाटतं,” तूइया म्हणाली.

“घालीनसुद्धा! हे बघा. एवढ्या वजनाच्या बाईच्या रक्तात लेप्टिन किती असायला हवं? भरपूर. आणि हिचं किती आहे? तुझ्याइतकंसुद्धा नाही, तूइया. मला वाटलं नमुना बिघडला. पुन्हा केलं, तेच. चरबीत पाहिलं, तेच. मग जनुक वाचलं. दोन प्रतींपैकी एक मोडकी आहे. एक अक्षर गळलंय आणि पुढचं सगळं निरर्थक झालंय. चरबी आहे ढीगभर, पण निरोप देते अर्ध्या आवाजात.”

“म्हणजे बाईंना काय होत असेल?” तूइयानं विचारलं.

“पक्कं नाही सांगता येणार. पण अंदाज सांगतो. समोर भरलेलं ताट, पोटात अन्न, आणि मेंदूला वाटतंय दुष्काळ पडलाय. रोज. पाळण्यापासून. अशी बाई दीडशेच किलोंची आहे, दोनशेंची नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. किती लढली असेल! रायली, तुझ्याकडे नावांची यादी असते. लाव फोन.”

“ती वारली,” रायली म्हणाली.

“अरे! कधी?”

“फेब्रुवारीत. इथून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. हृदय. आपल्यामुळे नव्हे, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय.”

“तुला कसं कळलं?”

“पत्र पाठवलं होतं. शेजारणीनं कळवलं.” हे तिच्या तोंडून इतकं सफाईनं निघालं की तिची तीच दचकली.

 इल्पोनं फळ्याकडे वळून खडू उचलला. वंशावळ काढायची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक होती. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. लठ्ठ असेल तर आतून भरायचं, गेलेलं असेल तर तिरकी रेघ मारायची. त्यानं आईबापाची जोडी काढली, चुलत म्हणून दोघांमध्ये दुहेरी रेघ ओढली. खाली भावाचा चौकोन, त्यावर रेघ. शेजारी एक वर्तुळ. ते त्यानं घासून घासून भरलं आणि त्यावरही रेघ मारली. मग हातातल्या प्रश्नावलीचं पान उलटलं.

“मुलंबाळं, शून्य. छे. नातेवाईक असते तर सिद्ध करता आलं असतं की हे घराण्यातून येतं. त्यांनाही सांगता आलं असतं, बाबांनो, तुम्हाला भूक लागते ती तुमची हाव नव्हे. आता एकटी बाई म्हणजे तळटीप. पुढे चला.”

“मला आठवतात त्या,” तूइया म्हणाली. “निळं जाकीट. मजेशीर होत्या गं. कॉफीच्या वेळी त्यांनी दुसरा पाव घेतला आणि ठेवून दिला. मी म्हटलं, घ्या की, बारा तास उपाशी आहात. तर म्हणाल्या, नको, सिस्टर बघतायत. मी म्हटलं, सिस्टर काही चावत नाही. तर माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, चावत नाही गं, ती फार गुणी आहे. पण माझ्याकडे बघून तिला वाईट वाटतं.”

खोलीत कुणीतरी कागद उलटला. इल्पोनं फळा पुसायला फडकं हातात घेतलं.

“थांब,” रायली म्हणाली.

ती उठली. खिशातली बदामांची पुडी तिच्या हाताला लागली, तशी तिनं ती बाहेर काढून टेबलावर ठेवली. ती फळ्यापाशी गेली, इल्पोच्या हातातून खडू घेतला आणि त्या भरलेल्या वर्तुळाखाली एक उभी रेघ ओढली. रेघेच्या टोकाला आणखी एक वर्तुळ काढलं. ते तिनं रिकामंच ठेवलं.

“हे काय?” इल्पोनं विचारलं. “कागदावर तर शून्य आहे.”

“ते शून्य मी लिहिलं. खोटं आहे हे माहीत असून लिहिलं. ती नाही म्हणाली ते माझ्यासाठी.” ती थांबली नाही. “पत्रबित्र काही नव्हतं. मला फ्लूही झाला नव्हता. मी तिला पुरायला गेले होते. माझं रक्त घ्या. मलाही सारखी भूक असते, लहान होते तेव्हापासून. त्या दिवशी मी पलीकडच्या बाईंना सांगितलं, यात तुमचा दोष नाही. आणि तिला सांगितलं, पट्टी ओली करू नका.”

तूइयानं तोंडावर हात ठेवला होता. “रायली, कोणाला? कोण होत्या त्या?”

रायलीनं वरच्या वर्तुळावर, तिरक्या रेघेवर, बोट ठेवलं. मग ती सगळ्यांकडे वळली आणि शाळेच्या रांगेत, शेवटच्या पोरापर्यंत ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“ही माझी आई.”